नळाच्या शेवटच्या वीस फुटांबद्दल

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व नगरपरिषदा व नगरपंचायती



तुमच्या शहरातली कुठलीही जुनी पेठ घ्या आणि पाणी सुटायच्या वेळी गटारावरची एक फरशी उचलून आत बघा. रस्त्याखालच्या जलवाहिनीवरून घराघरांत गेलेले अर्ध्या इंचाचे पाइप तुम्हाला गटारातच दिसतील. काही लोखंडी, गंजून पापुद्रे सुटलेले. काही प्लॅस्टिकचे, सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेले. गटार वाहत असतं, पाइप त्यात बुडालेले असतात आणि त्याच पाइपातलं पाणी पलीकडच्या स्वयंपाकघरात हंड्यात पडत असतं. हे पत्र त्या शेवटच्या वीस फुटांबद्दल आहे.

मी लाखभर वस्तीच्या शहरात राहते. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला एका कार्यालयाविरुद्ध तक्रार करायची नाही. नात्यागोत्यानं, कामानं ज्या ज्या तालुक्याच्या गावी जाणं झालं, तिथे हेच पाहिलं. पाण्यानं होणारे आजार आणि पाणी भरताना होणारे मृत्यू या दोन गोष्टी आपण वेगळ्या धरतो. पहिली आरोग्य विभागाची, दुसरी घरमालकाच्या निष्काळजीपणाची. माझं म्हणणं असं, की दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे आणि ती जागा तुमच्या अखत्यारीत आहे. आपल्या पाइपांत दाब नाही.

आधी पाण्याचं बघू. जॅकवेलमधून उपसा होतो, जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी पडते, गाळ बसतो, पाणी वाळूतून गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळतं आणि ते उंच टाकीत चढतं. इथपर्यंतचं काम पुष्कळ शहरांत ठीक चालतं. पुराच्या दिवसांत लाल पाणी आलं की तुरटीचा डोस वाढवत रात्रभर उभे राहणारे कर्मचारी मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण केंद्रावरच्या वहीतला आकडा हा केंद्रावरच्या पाण्याचा असतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू अजिबात आढळता कामा नये आणि लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. हे शिल्लक क्लोरीन ग्राहकाच्या टोकाला तपासायचं, असं त्याच मानकात नमूद आहे. आता मला सांगा, तुमच्या शहरातल्या सर्वांत चढावरच्या, सर्वांत शेवटच्या घराच्या नळाला गेल्या महिन्यात किती क्लोरीन होतं? हा आकडा तुमच्या टेबलावर येतो का?

भरलेल्या पाइपाला चीर असेल तर पाणी बाहेर गळतं. नुकसान होतं, रस्ता ओला राहतो, पण आतलं पाणी चांगलं राहतं. रिकाम्या पाइपाला चीर असेल तर उलट होतं. पुरवठा बंद झाला की उतारावरची घरं उरलंसुरलं पाणी खेचून घेतात, चढावरच्या पाइपात पोकळी होते आणि गटाराचं पाणी त्या चिरेतून आत शिरतं. आपल्याकडे पाणी रोज तासभर येतं, दिवसाआड येतं, चार दिवसांनी येतं. मराठवाड्यात आठवड्यानं पाणी येणारी शहरं आहेत. म्हणजे दिवसातले तेवीस तास, किंवा आठवड्यातले सहा दिवस, पाइप रिकामा आणि गटार भरलेलं. म्हणून तर घरोघरी पहिली कळशी मोरीत ओततात. ही गोष्ट कुणा आरोग्यसेवकानं शिकवलेली नाही, बायका ती पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून शिकल्या. जिथे एका सार्वजनिक नळावर गल्ली पाणी भरते आणि पाणी अर्ध्या तासात जातं, तिथे पहिली कळशी ओतून देणंही परवडत नाही.

दूषित पाण्यानं काय होतं, त्याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत कावीळ पसरली. हजारो माणसं आजारी पडली, काही दगावली. तेव्हा तिथे नगरपरिषदच होती. तिथल्या पंचगंगा नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयात गाजला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक अतिदक्षता विभागात जाऊ लागले. चालती-बोलती माणसं हात-पाय लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेली. राज्यातली रुग्णसंख्या दोनशेच्या घरात पोचली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि दूषित पाण्यावर संशय गेला. ज्या वस्तीत हे घडलं ती शहराच्या कडेला नुकतीच वाढलेली, पुरेशी जलवाहिनी आणि शुद्धीकरण अजून न पोचलेली वस्ती होती. तुमच्या प्रत्येक शहराच्या हद्दीबाहेर अशी वस्ती वाढते आहे.

काविळीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कार्यालयात फारशी कुणी लक्षात घेत नाही. पाण्यातून पसरणारी हिपॅटायटीस ई ही कावीळ विषाणू पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. म्हणजे दवाखान्यात रांग लागते तेव्हा तुमचा कर्मचारी ज्या गळतीचा शोध घेत फिरतो, ती कदाचित महिन्यापूर्वीच बुजवलेली असते. आजचा नमुना चांगला येतो, वर्तमानपत्रात 'पाणी शुद्ध असल्याचा निर्वाळा' छापून येतो आणि विषय मिटतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार शंभरातल्या वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकी तुमच्या शहरात दरवर्षी किती असतात, याचा अंदाज तुम्हाला असेल.

अशा वेळी टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा डोस वाढवण्याचा आदेश निघतो. तो निघावाच, पण त्यावर भिस्त ठेवू नका. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत हेच झालं होतं. यमुनेच्या बदललेल्या प्रवाहामुळे नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या उपशापर्यंत आलं. तिथल्या अभियंत्यांनी क्लोरीन वाढवलं, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. तरीही सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. गढूळ, घाणीनं भरलेल्या पाण्यात क्लोरीन घाणीशीच खर्ची पडतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. त्यातून पावडर ओलसर गोदामात सहा महिने पडलेली असेल तर तिच्यातलं क्लोरीन आधीच उडून गेलेलं असतं. ताज्या पावडरीत ते साधारण तेहतीस टक्के असतं. तुमच्या गोदामातल्या पोत्यात आज किती आहे, हे एकदा तपासून घ्या.

आता मोटर.

नळाला थेट जोडलेली मोटर बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि शेवटच्या गल्लीत ती बहुतेक घरांत आहे. पाणी सुटलं की दोन मिनिटांत गल्ली घरघरायला लागते. मोटर पाइपातलं पाणी खेचते तशी गटारातली घाणही खेचते. शेजारच्या ज्या घरात मोटर नाही त्याच्या नळातून हवा येते आणि त्याच्याही वाट्याला तीच घाण येते. तुमचं पथक येतं, मोटरी जप्त करतं, दंड करतं. काही ठिकाणी पाण्याच्या वेळेत वीज बंद ठेवण्याचा उपायही झाला. मी मोटरीचं समर्थन करत नाही. पण चढावरच्या घरातली बाई मोटर लावते, कारण न लावली तर तिला घागरभर पाणी मिळत नाही. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एकमजली घरासाठी जोडणीपाशी सात मीटर उंचीइतका दाब धरलेला होता. तो दाब द्या आणि मग मोटर जप्त करा. तोपर्यंतची जप्ती ही पाणी न मिळालेल्याला केलेली शिक्षा आहे.

या मोटरीनं माणसं मरतात. दर उन्हाळ्यात जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते: पाणी भरताना मोटरीचा शॉक लागून मृत्यू. मरणारी बहुतेक वेळा बाई असते, किंवा सुट्टीत घरी असलेलं मूल. पहाटेची घाई, ओली फरशी, अनवाणी पाय, टेप गुंडाळून लांबवलेली वायर, तिसरी पिन मोडलेला प्लग. पाणी येत नाही म्हणून हात पाइपावर जातो, मोटर चालू असतानाच.

यात एक धोका असा आहे, जो तुमच्याच कामातून नकळत तयार झाला. जुन्या वाड्यांत, चाळींत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून दिलेली असे. पद्धत चुकीची होती, पण लोखंडी पाइप जमिनीतून लांबवर गेलेला असल्यानं निभावून जात असे. मग योजना आली, जुनी लाइन बदलली, लोखंडाच्या जागी प्लॅस्टिक बसलं. पाण्याच्या दृष्टीनं ते उत्तम झालं. पण त्या दिवसापासून त्या घरांचं अर्थिंग तुटलं आणि घरातल्या कुणालाही ते कळलं नाही. आता फ्रिजमध्ये किंवा मोटरीत वीज उतरली तर ती जमिनीत जात नाही. घरात उरलेल्या लोखंडी पाइपात, तोटीत येऊन थांबते. नळ बदलणाऱ्या ठेकेदाराच्या कामाच्या यादीत अर्थिंग तपासणं ही बाब कुठेही नसते. ती घाला. ज्या घराचा लोखंडी पाइप काढाल त्या घराला मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्या: तुमचं अर्थिंग नळावर असेल तर आता ते चालत नाही, वायरमन बोलवा.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक घरासाठी: तुमच्या मीटरजवळची एमसीबी वायरिंगला आगीपासून वाचवते, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते, ३० मिलिअँपिअरची. अंगातून वीज जाऊ लागताच ती क्षणात पुरवठा तोडते. नवा मोबाइल घेण्याआधी ही बसवा आणि तिच्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. कुणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा.

पाणी वेळेवर येत नाही म्हणून घरात साठा करावा लागतो, आणि साठ्याबरोबर आणखी धोके येतात. आठ-दहा दिवस न हललेल्या पिंपात डेंग्यूचा डास अंड्यापासून पंखांपर्यंत वाढतो. हौदाचं झाकण बाजूला राहिलं की रांगतं मूल त्यात पडतं. बराच काळ बंद असलेल्या टाकीत प्राणवायू कमी असतो. साफ करायला उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला एका इमारतीची टाकी साफ करताना चार कामगार असेच गुदमरून गेले. छोट्या शहरात घरमालक शंभर-दोनशे रुपयांत कुणालाही टाकीत उतरवतो. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र वापरलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

ज्यांना परवडलं त्यांनी आरओ बसवला. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण याचे परिणाम दोन झाले. एक म्हणजे विक्रेते घरात येऊन पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडतात, पाणी तांबडं-काळं होतं आणि घरातली म्हातारी माणसं घाबरून हप्ता बांधतात. तो रंग सळईतल्या लोखंडाचा असतो, पाण्यातल्या घाणीचा नाही. टीडीएस मीटरवरचा आकडाही फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतूंबद्दल त्यातून काहीच कळत नाही. नदीचं, धरणाचं पाणी पिणाऱ्या बहुतेक शहरांत टीडीएस ५०० च्या आत असतो आणि तिथे आरओची गरजच नसते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओ वापरू नये, असं म्हटलं होतं. दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. ज्या घरांचा फोन तुमच्या कार्यालयात उचलला जातो, त्यांच्या ओट्यावर आरओ आला आणि त्यांची पाण्याबद्दलची तक्रार संपली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, नगरसेवक. उरली ती चढावरची गल्ली, जी वीस लिटरचा थंड जार विकत घेते. त्या जारवर ना तारीख असते ना परवान्याचा क्रमांक. तुमच्यावरचा दबाव आता नळातल्या दाबाइतकाच कमी झाला आहे.

मग काय करायचं? फार मोठी योजना मी मागत नाही. राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांची तपासणी करून वर्षातून दोनदा लाल, पिवळं, हिरवं कार्ड दिलं जातं. पावसाळ्याआधी आणि नंतर. लाल कार्ड आलं की सरपंचाला गावात तोंड दाखवणं जड जातं. दोन हजार वस्तीच्या गावाला ही शिस्त आहे. लाख वस्तीच्या शहरातल्या प्रभागाला अशी रंगाची पाटी लागलेली मी तरी पाहिली नाही. ती तुम्ही सुरू करा. प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या घराच्या नळाचं पाणी आठवड्यातून एकदा तपासा आणि निकाल नगरपरिषदेच्या फलकावर, रेशन दुकानाच्या दारावर, शाळेच्या भिंतीवर लावा. ओटी चाचणीचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, डीपीडीची गोळी टाकली की गुलाबी. न झालं तर क्लोरीन संपलेलं आहे. एच-टू-एसची बाटली भरून ठेवली आणि दोन दिवसांत ती काळी पडली तर पाण्यात मैला मिसळल्याची शक्यता आहे, आणि मग नमुना जिल्हा प्रयोगशाळेत गेला पाहिजे. हे काम बचत गटातल्या बायका सहज करू शकतात. ओडिशातल्या पुरी शहरानं २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट पिण्याजोगं केलं, तिथे 'जलसाथी' म्हणून नेमलेल्या महिला घरोघरी जाऊन पाणी तपासतात आणि बिलही गोळा करतात. निकाल वाईट आला तरी लावा. आज पाणी उकळून प्या, ही पाटी वेळेवर लागली तर लोक तुमच्यावर रागावतील, पण त्यांची मुलं आजारी पडणार नाहीत.

गळती दुरुस्तीचं रजिस्टर आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं कावीळ-जुलाबाचं रजिस्टर दर सोमवारी एका टेबलावर आणा. कुठल्या गल्लीत सहा आठवड्यांपूर्वी पाइप फुटला होता आणि कुठल्या गल्लीतून आता रुग्ण येत आहेत, हे शेजारी शेजारी ठेवलं की बरंच काही उलगडेल. दुरुस्तीनंतर लाइन धुऊन, पहिलं पाणी वॉशआउटमधून सोडून देऊनच व्हॉल्व्ह उघडावा, असा लेखी आदेश काढा. व्हॉल्व्हमन एकटा असतो, त्याच्यावर चारही बाजूंनी फोन येत असतात. आदेश लेखी असेल तर त्याला थांबता येतं.

आणि गटारातले पाइप बाहेर काढा. तुमचे अभियंते सांगतील, की जोडणीच्या पुढचा पाइप ग्राहकाच्या मालकीचा, जबाबदारी त्याची. पण गटार तुमचं, रस्ता तुमचा, आणि तुमच्या परवानगीशिवाय त्याला फूटभरही खणता येत नाही. सध्या प्रत्येक शहरात गल्ल्यांचं काँक्रिटीकरण चालू आहे. काँक्रीट पडण्याआधी पाइप गटाराच्या वर आणि दूर घेतले नाहीत, तर पुढची वीस-तीस वर्षं ते तिथेच गाडले जातील, किंवा नवा रस्ता पुन्हा फोडावा लागेल. काँक्रीटचं बिल मंजूर करण्याआधी त्या गल्लीतल्या नळजोडण्या हलवल्याचा दाखला मागा. तुमच्या एका सहीनं होणारं काम आहे ते.

अखंड दाबाचं पाणी छोट्या शहराला शक्य नाही, असं कुणी सांगितलं तर त्यांना कराडजवळचं मलकापूर दाखवा. नगरपंचायत झाल्या झाल्या, २००९ च्या सुमारास, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं त्यांनी मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू केलं. पाइप सतत भरलेला राहिला की घाण आत शिरायला वाव राहत नाही, मोटर लावायचं कारण राहत नाही, हौदात पाणी साठवावं लागत नाही. मीटर आल्यावर लोक पाणी जपून वापरतात, हेही तिथे दिसलं. तुमच्या शहरात एकदम होणार नसेल तर एका टाकीखालच्या एका भागात करून बघा.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ नुसार शहराला योग्य आणि पुरेसं पाणी देणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटलं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती कुणी मागायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करायची असते. त्यामुळे मी जे मागते आहे त्यात नवीन असं काही नाही.

येत्या पावसाळ्याचं पहिलं गढूळ पाणी नदीला येण्याआधी तुमच्या शहरातल्या शेवटच्या घरी स्वतः जा, सोबत पाणीपुरवठा अभियंत्याला घ्या, त्या नळाचं पाणी लोकांसमोर तपासा आणि जो निकाल येईल तो तुमच्या सहीनं फलकावर लावा.

कळावे.

आपली,
एक पाणीपट्टी भरणारी नागरिक